खूण कुणासाठी? कोंडवाड्यापासून गळ्यातल्या जीपीएसपर्यंत

आजचा विषय गळ्यातल्या बिल्ल्याचा. नाण्याएवढा स्मार्ट टॅग मिळतो, तो कुत्र्याच्या पट्ट्याला अडकवायचा, आणि मग कुत्रा कुठे आहे ते मालकाच्या फोनवर दिसतं. सावर्ड्यात बसून मागवला तरी चार दिवसांत घरपोच येतो. जाहिरातीत तो अगदी नवा शोध म्हणून दाखवतात. यंत्र नवं आहे, हे खरंच. पण जनावराच्या अंगावर खूण करायची आणि ते हरवलं की त्या खुणेवरून शोधायचं, हा उद्योग फार जुना आहे. आणि त्याचा इतिहास नुसता हरवलं-सापडलंचा नाही. खुणेचे दोन उपयोग असतात. एक, माझं जनावर मला परत मिळावं. दुसरा, या जनावराने नुकसान केलं तर ते कुणाचं हे चारचौघांना कळावं. पहिला उपयोग मालकाला हवा असतो, दुसरा नको असतो. आज आपण बोलणार आहोत ते या ओढाताणीबद्दल.

सुरुवात करू एका कायद्यापासून. १८७१ सालचा पहिल्या क्रमांकाचा कायदा म्हणजे गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा. त्याआधी १८५७ मध्येही असा एक कायदा झाला होता, तो बदलून हा आणला. कोंडवाडा हा शब्द आपल्याकडे आता वर्गात मुलांना किंवा गाडीत माणसांना कोंबलं की वापरतात. पण कोंडवाडा ही सरकारी संस्था होती, तिला राखणदार होता, वही होती, दंडाचे दर होते. दंडाच्या यादीत हत्तीचाही दर आहे. आपल्या बाजूला भातात हत्ती शिरल्याची तक्रार घेऊन कोण गेलं असतं कोण जाणे, पण कायदा साऱ्या हिंदुस्थानचा विचार करून लिहिलेला होता.

त्याची रीत बघा. तुमच्या शेतात परकं गुरू शिरलं, पीक खाल्लं, तुम्ही ते धरलं आणि कोंडवाड्यात नेऊन दिलं. राखणदाराने वहीत नोंद करायची: किती जनावरं, कशी, कुणी आणली, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, आणि माहीत असेल तर मालक कोण. मालक आला तर दंड आणि वैरणीचा खर्च भरून घेऊन जाणार. सात दिवसांत कुणी आलं नाही तर राखणदाराने पोलीस ठाण्याला कळवायचं. ठाण्यावर नोटीस लागणार, तिच्यात जनावरांचं वर्णन, कुठे धरली ती जागा आणि कुठे कोंडली ती जागा. एवढ्यावर भागत नाही. जिथे जनावर धरलं त्याच्या जवळच्या गावात आणि बाजारात ढोल वाजवून पुकारा करायचा. म्हणजे दवंडी. कायद्यात दवंडी लिहिलेली आहे! नोटिशीनंतर आणखी सात दिवस वाट पाहायची आणि मग लिलाव.

आम्हाला हा कायदा वाचताना फार मजा वाटते, कारण आजचा टॅग जे काम करतो ते सगळं यात आहे, फक्त उलट बाजूने. टॅग गुपचूप एका फोनला सांगतो. दवंडी साऱ्या गावाला सांगते. अमक्याचा तांबडा बैल, एक शिंग मोडलेलं, कोंडवाड्यात आहे, हे गावभर झाल्यावर मालकाला बैल मिळतो, आणि गावाला हेही कळतं की ज्याच्या शेताची नासाडी झाली ती कुणाच्या बैलाने. एकच पुकारा, पण दोन्ही कामं.

आता ते वर्णन. एका बैलाचं वर्णन काय करणार? रंग, शिंगं, कपाळावरचा चांद, शेपटीचा गोंडा, कानाची चीर. जुन्या कारभारात माणसाचं आणि घोड्याचंही वर्णन असंच लिहून ठेवत. चेहरेपट्टी हा आपला शब्द आज आपण सुंदर मुलीच्या नाकाडोळ्यांबद्दल वापरतो, पण त्याची मुळं हजेरीच्या कागदात आहेत. अकबराच्या काळात सरदारांच्या घोड्यांना डाग देण्याची पद्धत पक्की झाली, माणसाचा चेहरा लिहायचा आणि घोड्याला डाग द्यायचा. त्याच्याही आधी अलाउद्दीन खिलजीने ती सुरू केली होती. कशासाठी? घोडा हरवू नये म्हणून नव्हे. तपासणीच्या दिवशी एकच घोडा दोन सरदारांनी दाखवू नये म्हणून, किंवा चांगला घोडा विकून त्याजागी मरतुकडं तट्टू उभं करू नये म्हणून. ती खूण मालकाच्या सोयीची नव्हतीच, ती मालकावर नजर ठेवायला होती. डाग हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि आपल्याकडे त्याचा अर्थ झाला कलंक. असो, भाषेने काय ओळखायचं ते ओळखलं.

गावातल्या खुणा याहून साध्या. गळ्यातली घंटा, तिच्या आवाजावरून गुराख्याला रानातली गाय कुठे आहे ते कळतं. पावसाळ्यात, धुक्यात, करवंदीच्या जाळीपलीकडे, जिथे डोळ्यांचा उपयोग नाही तिथे कान. प्रत्येक घंटेचा आवाज वेगळा आणि गुराख्याच्या कानाला तो पाठ. ही आपली पहिली ट्रॅकिंग व्यवस्था, बॅटरी लागत नाही. दुसरं लोढणं. गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचा, तो पायांत येतो, पळता येत नाही. उनाड जनावराला लोढणं. आणि लोढणं असलेलं जनावर दिसलं की गावाला कळायचं, याच्यावर लक्ष ठेवा. आज ज्याला जिओफेन्स म्हणतात, म्हणजे ठरवलेल्या हद्दीबाहेर कुत्रा गेला की फोन वाजतो, त्याचा आजोबा म्हणजे लोढणं. फोन नुसता वाजतो. लोढणं थांबवायचं.

कोकणातल्या गुरांचं वेळापत्रक भाताने ठरवलेलं आहे. शेतात पीक उभं असलं की गुरं राखणीत, कापणी झाली की मोकळी. कापणीनंतर शेताला गडगा असला काय, नसला काय, कुणाची गुरं कुणाच्या शेतात हे कुणी फारसं मोजत नसे. आपली कोकण कपिला अंगाने लहान, डोंगर चढायला पटाईत, दिवसभर चरून संध्याकाळी आपली आपण गोठ्यात. तिला टॅग कशाला हवा? तिची खूण गावाच्या डोळ्यांत होती. वाडीतल्या कुणालाही विचारा, ही कुणाची. लगेच उत्तर. खुणेची गरज पडते ती ओळख जिथे संपते तिथे. बाजारात, शहरात, महामार्गावर.

म्हणून आता मुंबईला जाऊ. साल १८३२. मुंबईत मोकाट कुत्र्यांना वर्षातल्या ठराविक दिवसांत मारण्याचा नियम १८१३ पासून होता. १८३२ मध्ये ते दिवस वाढवले आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागलं. आठ आणे तेव्हा लहान रक्कम नव्हती. बक्षीस लावलं की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पकडणारे लोक दारातली, अंगणातली, पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. मोकाट कुठलं आणि घरचं कुठलं, त्याच्या अंगावर कुठे लिहिलंय? ६ जूनला फोर्ट भागात पारशी मंडळी संतापली, कॉन्स्टेबलांवर हल्ला झाला. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे, अंत्यविधीतही त्याचं काम असतं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इतरही व्यापारी उभे राहिले. गोऱ्या पलटणीला जाणारं पाव-मटण अडलं. फौज बोलवावी लागली, धरपकड झाली. शेवटी जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी मध्यस्थी केली आणि कुत्र्यांना मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावं असं ठरलं. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजींच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. ती आजही आहे.

या दंगलीबद्दल धर्मभावनेच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते बरोबरच आहे. आम्हाला त्यातला दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो. सरकारच्या लेखी जगात दोनच प्रकारचे कुत्रे होते, मालकाचे आणि बेवारशी. मुंबईच्या गल्लीत तिसरा प्रकार होता, आणि तो अजून आहे: गल्लीचा कुत्रा. त्याला पाच घरं पोळी घालतात, तो एकाही घरात झोपत नाही, पण त्याला कुणी उचलून नेलं तर पाचही घरं भांडायला येतात. आपल्या वाडीतला कुत्रासुद्धा असाच, नाव एका घराचं आणि राखण साऱ्या वाडीची. अशा कुत्र्याच्या गळ्यात कुणाच्या नावाचा बिल्ला घालणार?

पुढे शहरांनी परवाना आणला. कर भरा, बिल्ला घ्या, गळ्यात अडकवा, बिल्ला असलेला कुत्रा उचलणार नाही. आणि २००१ मध्ये केंद्र सरकारने भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे नियम केले, तेव्हा शस्त्रक्रिया झालेला कुत्रा ओळखायचा कसा, याचं उत्तर काय दिलं? कान कातरा, किंवा गोंदवा. शिवाय गळ्यात बिल्ला किंवा नायलॉनचा पट्टा चालेल. उपग्रहांच्या युगात आपण परत कानाच्या चिरेवर आलो. २०२३ मध्ये नवे नियम आले, पण कानाची चीर राहिली. आमच्या मते ही या क्षेत्रातली सर्वांत शहाणी खूण आहे. ती रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही लांबून वाचता येते, हरवत नाही, चार्ज करावी लागत नाही. तिच्यातून मालक कळत नाही, एवढंच. पण गल्लीच्या कुत्र्याला मालक नसतोच. त्याच्याबद्दल लोकांना जे जाणून घ्यायचं असतं, त्यातलं बरंचसं ती चीर सांगते.

याच २०२३ च्या जुलैत मुंबईत सहार विमानतळाबाहेरच्या २० भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोड असलेले बिल्ले घातले गेले. फोनने कोड टिपला की कुत्र्याचं नाव, लसीकरण, निर्बीजीकरण आणि त्याला खाऊ घालणाऱ्या माणसाचा संपर्क. मालकाच्या जागी खाऊ घालणारा! १८३२ च्या त्या तिसऱ्या प्रकाराला एकशे नव्वद वर्षांनी कागदावर जागा मिळाली.

आता थोडं पक्ष्यांकडे, कारण मुंबईचं नाव तिथेही आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालायला सुरुवात केली १९२० च्या दशकात, आणि सालिम अलींच्या पुढाकाराने १९५९ नंतर हे काम मोठ्या प्रमाणावर झालं. कडीवर क्रमांक असतो आणि सोसायटीला कळवा असं लिहिलेलं असतं. मग परदेशातल्या एखाद्या शेतकऱ्याला किंवा शिकाऱ्याला तो पक्षी मिळतो, तो पत्र लिहितो, आणि मुंबईत कळतं की आपल्याकडे हिवाळा काढणारा पक्षी उन्हाळ्यात कुठे असतो. ही सगळी यंत्रणा अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर आणि पोस्टावर चालली. नकाशावरचा निळा ठिपका नाही, फक्त दोन टोकं: इथे कडी घातली, तिथे सापडली. मधला सगळा प्रवास अंदाजाचा.

मधला प्रवास दिसू लागला रेडिओमुळे. १९६० च्या दशकात अमेरिकेत अस्वलांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातल्या, १९७० मध्ये एका एल्क हरणीच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारी कॉलर घातली, ती वजनाने चांगलीच जड होती. जीपीएस आलं तरी सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात अमेरिकी लष्कर मुद्दाम चूक घालत असे. मे २००० मध्ये ती भेसळ बंद केली आणि तेव्हापासून तुमच्याआमच्या फोनला रस्ता नीट सापडायला लागला. कुत्र्याच्या गळ्यातलं जीपीएस हे त्या निर्णयाचं नातवंड.

महाराष्ट्रात या तंत्राची सर्वांत गाजलेली गोष्ट एका बिबट्याची. २००९ च्या एप्रिलमध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याने त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर घातली, कातडीखाली मायक्रोचिप घातली आणि माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव पडलं आजोबा. आजोबा तिथे थांबला नाही. पुढच्या काही आठवड्यांत तो सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालला, महामार्ग, रेल्वेमार्ग, वसईचा औद्योगिक पट्टा पार केला, खाडी पोहून गेला आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला पोहोचला. वाटेत कुणाला इजा नाही. २०१४ मध्ये त्याच्यावर सुजय डहाके यांनी चित्रपट काढला, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

चित्रपटाने लोकांच्या लक्षात राहिला तो प्रवास. आम्हाला सांगायचं आहे त्यानंतरचं. कॉलरचे संदेश पुढे थांबले. सगळ्याच कॉलरचे थांबतात. मग डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने एक बिबट्या मेला. तो कोण हे कळलं कशावरून? कातडीखालच्या चिपवरून. ही चिप भाताच्या दाण्याएवढी असते. तिच्यात बॅटरी नाही, ती काहीही पाठवत नाही, जवळ यंत्र धरलं तरच आपला क्रमांक सांगते. महागडी कॉलर काही काळ सगळं सांगून गप्प झाली, आणि अडीच वर्षांनी मुक्या दाण्याने ओळख पटवली.

हाच फरक आपल्या जिल्ह्यात समुद्रकाठी दिसतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांची राखण सुरू केली, तिला वीसहून अधिक वर्षं झाली. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पाच कासविणींच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले. पश्चिम किनाऱ्यावर असं पहिल्यांदाच झालं. वेळासच्या पहिलीचं नाव प्रथमा ठेवलं. लोक रोज विचारायचे, आज प्रथमा कुठे पोहोचली? काही महिन्यांत एकेकीचे संदेश थांबले. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा यांना टॅग लावले, त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. म्हणजे पश्चिमेची कासवं वेगळी आणि पूर्वेची वेगळी, हा समज हलला. आणि मग २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका कासविणीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची साधी पट्टी दिसली. क्रमांक ०३२३३. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. चार वर्षं समुद्रात राहून ती वाचण्यासारखी होती, आणि रात्री किनाऱ्यावर हिंडणाऱ्या कासवमित्रांनी ती वाचली. साडेतीन हजार किलोमीटरचा हिशेब काही रुपयांच्या पट्टीने जुळवला. उपग्रह टॅगला कमी लेखायचं नाही, वाट त्यानेच दाखवली. पण पट्टीला किनाऱ्यावर डोळे उघडे ठेवणारा माणूस लागतो, आणि तो रत्नागिरी जिल्ह्यात होता.

एवढी तयारी झाल्यावर सावर्ड्याच्या कुत्र्याकडे येऊ.

बाजारात टॅगचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला क्यूआर किंवा नुसता नंबर कोरलेला बिल्ला. दुसरा ब्लूटूथचा, उदाहरणार्थ २०२१ मध्ये आलेला अॅपलचा एअरटॅग किंवा त्यासारखे इतर. तिसरा खरा जीपीएस, त्यात सिमकार्ड असतं आणि वर्गणी भरावी लागते. ब्लूटूथवाल्याबद्दल पुष्कळ गैरसमज आहे. तो स्वतः उपग्रहाशी बोलत नाही. तो फक्त आसपास हाक मारत राहतो, जवळून जाणाऱ्या अनोळखी माणसाचा फोन ती हाक ऐकतो आणि जागा कळवतो. म्हणजे हा पोस्टाने चालणाऱ्या पक्ष्याच्या कडीचाच भाऊ, फक्त अनोळखी माणसाला आपण मदत केली याचा पत्ता नसतो. दादरला हे झकास चालतं, मिनिटाला शंभर फोन जातात. सावर्ड्याच्या बाजारपेठेत, स्टेशनात, महामार्गाच्या कडेला बऱ्यापैकी चालेल. काजूच्या बागेमागे पऱ्याला उतरलात की तिथे माणूसच नाही, फोन कुठला! आणि नेमका कुत्रा हरवतो तो तिथे. हा टॅग मुळात किल्ल्या आणि बॅगा शोधण्यासाठी बनवलाय, कंपनीनेही पाळीव प्राण्यांसाठी तो आहे असं म्हटलेलं नाही.

जीपीएसवाला यापेक्षा बरा, पण त्याला वर आकाश मोकळं लागतं आणि जागा कळवायला मोबाइलची रेंज लागते. आपल्या खोऱ्यांत रेंजचा काय खेळ चालतो तो तुम्हाला आम्ही सांगायला नको. शिवाय दर काही दिवसांनी चार्जिंग. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे वाडीतला कुत्रा रात्री नाहीसा होतो त्याचं कारण पुष्कळदा बिबट्या असतो. तसं झालं तर टॅग तुम्हाला सांगेल तो पट्टा कुठे पडलाय. बिबट्यापासून वाचवायचं असेल तर कुत्रा रात्री पडवीच्या आत, दार लावून. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला शेतात जाणाऱ्या माणसांनीच गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. तो पट्टा जागा कळवत नाही, जीव राखतो. कोणता पट्टा कशासाठी, हे आधी ठरवायला हवं.

इथपर्यंत मालकाला हवी असलेली खूण झाली. आता नको असलेली.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने जनावरांच्या लाळ्या-खुरकत आणि ब्रुसेलोसिस या रोगांविरुद्ध देशभर लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी गुरांच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर १२ आकडी क्रमांक. लोक त्याला जनावराचं आधार म्हणतात. क्रमांकावरून मालकाचं नाव, गाव, लस, वेत, सगळं संगणकात. महाराष्ट्र सरकारने १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करायची नाही असा नियम केला. योजना चांगली आहे. लस कुणाला झाली कळतं, विमा मिळतो, चोरीला थोडा आळा बसतो. दुभत्या गाईच्या कानात बिल्ला मालक हौसेने घालून घेतो.

पण खोंडाचं काय? पॉवर टिलर आल्यावर नांगराचा बैल गेला. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा विकण्याची वाटही अरुंद झाली. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोललं जातं, आज तो विषय नाही. निकाल मात्र रात्री महामार्गावर दिसतो. पावसाळ्यात डांबर कोरडं आणि उबदार असतं, माश्या कमी, म्हणून गुरं रस्त्यावर येऊन बसतात. सावर्ड्यातून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग आता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला आणि काळ्या रस्त्यावर काळं जनावर. मोटारसायकलवाला आदळतो, कधी जनावर मरतं, कधी माणूस. सकाळी तिथे गर्दी जमते आणि कुणीतरी विचारतं, कुणाचं? वाडीत या प्रश्नाला लगेच उत्तर मिळायचं. महामार्गावर मिळत नाही. कानात बिल्ला असेल तर मिळेल, म्हणूनच टाकायच्या जनावराच्या कानात बिल्ला नसावा यातच मालकाचा फायदा. प्लॅस्टिकचा बिल्ला कात्रीने निघतो.

म्हणजे एकाच घरात, एकाच गोठ्यापाशी, कुत्र्याच्या गळ्यात दोन हजारांचा टॅग आहे आणि खोंडाच्या कानातला फुकटचा बिल्ला गेलेला आहे. हा माणूस वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. खोंडाला वर्षभर पोसायची ऐपत सगळ्यांची नसते आणि त्याला घेऊन जायला जवळपास गोशाळा असेलच असं नाही. पण बिल्ला लावला की प्रश्न सुटेल, असं सरकार मानत असेल तर ते घोड्याला डाग देणाऱ्या बादशहाइतकंच भोळं आहे. डाग देऊनही सरदार घोडे फिरवतच होते.

जाता जाता एक लक्षात ठेवण्यासारखं. १८७१ च्या त्या कायद्यात एक कलम सार्वजनिक रस्त्यांचं आहे. रस्त्यावर मोकाट फिरणारी गुरं धरून कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार रस्त्याची देखरेख करणाऱ्यांना आणि पोलिसांना दिलेला होता. म्हणजे रस्त्यावरच्या गुरांची जबाबदारी निव्वळ मालकावर सोडलेली नव्हती, रस्ता ज्याच्या ताब्यात त्यालाही काम नेमून दिलं होतं. कोंडवाडा चालवायला जागा लागते, वैरण लागते, पगारी माणूस लागतो. ते सगळं आटलं आणि त्याच्या जागी संगणकातला क्रमांक आला. क्रमांकाला वैरण लागत नाही.

प्रश्नोत्तरांआधी कुत्र्याच्या टॅगबद्दल विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. टॅग घ्यायचा तर घ्या, पण सिम कोणत्या कंपनीचं आहे आणि आपल्या वाडीत त्या कंपनीची रेंज येते का, हे आधी बघा. आणि दुसरं, टॅग लावलात तरी पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला, न पुसणाऱ्या शाईने, मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहा: वाडीचं नाव आणि फोन नंबर. कुत्रा ज्याला सापडेल त्याच्याकडे तुमचं अॅप नसणार. त्याला वाचता मात्र येत असणार.